घोंगडं ठेवून उठणं

डोळे मिटा पाहू, सगळ्यांनी. आता मी सांगतो ते समोर आणा.

वैशाखातलं ऊन आहे. माती अशी तापली आहे की चप्पल काढून उभे राहिलात तर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचाल. समोर दगडी हौद आहे, जनावरांना पाणी पाजायचा. त्याच्या तळाशी वीतभर पाणी. हौदाशेजारी जुना लिंब, आणि लिंबाखाली काही माणसं गोल करून बसली आहेत, प्रत्येक जण आपापल्या घोंगड्यावर. त्या गोलात एक घोंगडं रिकामं आहे. काळं, कडेला पांढरी पट्टी. येणारा-जाणारा त्याला वळसा घालून जातो. कुत्रं त्याच्यावर अंग टाकायला आलं, तर कोणीतरी खडा मारून त्याला हाकलतं.

दिसलं? आता सांगा, त्या घोंगड्याचा मालक बैठकीत आहे की नाही?

निम्मे जण म्हणाल, नाही, कारण तो दिसत नाही. लिंबागणेशच्या पुढे माळावर उंबरदरा नावाची वाडी आहे. तिथल्या कोणालाही विचारा, तो म्हणेल, आहे. माणूस उठून गेला आहे, त्याची जागा उठलेली नाही. याला तिथे 'घोंगडं ठेवून उठणं' म्हणतात.

परवा तुम्ही पेपरातले दोन शब्द विचारलेत, माघार आणि सभात्याग. मी फळ्यावर लिहून दाखवलं. माघारीत 'माग' आहे, मागे फिरणं. सभात्याग म्हणजे सभा सोडणं. अर्थ बरोबर आहेत. पण खरं सांगतो, ते लिहिताना माझा हात जड झाला होता. कारण दोन्हींत माणूस गेला की मागे काही उरत नाही. तो बाहेर जाऊन तावातावाने चार वाक्यं बोलतो, चहा पितो, घरी जातो, आणि आत ठराव मंजूर होतो. उंबरदऱ्याच्या शब्दात मागे घोंगडं उरतं. ते कसं, ते बायनाच्या गोष्टीत सांगतो.

बायना तुमच्याएवढीच होती. तिचे आजोबा तात्याबा, आजी कडूबाई. घरची मेंढरं. आईबाप कळप घेऊन गोदावरीच्या काठाला, गेवराईकडे गेले होते, वाडीतल्या बाकीच्या मेंढक्यांबरोबर. दुष्काळात मेंढके असंच करतात, पाणी येत नसेल तर पाण्याकडे जातात. पण गाभण मेंढ्या आणि नुकती जन्मलेली पिल्लं एवढं चालू शकत नाहीत. सगळ्या वाडीची अशी मेंढरं तात्याबाच्या वाड्यात, म्हणजे काट्यांच्या कुंपणात, ठेवलेली होती. त्यांना पाणी पाजायचं ते सोसायटीच्या हौदावर. हौदाच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. सकाळी गाई-म्हशी, दुपारी मेंढरं, सांजेला बैल.

ही सोसायटी सहकारी होती. विहीर सोसायटीची, हौद सोसायटीचा. शेतकरी आणि मेंढके दोघेही सभासद. पण त्या वर्षी विहिरीनेच मान टाकली. दोर सोडावा तर घागर खडकावर आपटायची. टँकर कधी यायचा, कधी तेलगावच्या रस्त्यालाच कोणीतरी वळवून न्यायचा. तेव्हा चेअरमन सुंदररावांनी लिंबाखाली बैठक बोलावली.

"सरळ बोलतो," सुंदरराव म्हणाले. "पानी थोडं हाय. दुभतं जनावर आन् बैल, येवढ्यालाच पुरंल. मेंढरं चालती जनावरं हाईत. त्यांनी गोदाकाठ गाठावा."

"चालती हाईत ती गेली," तात्याबा म्हणाला. "राह्यली ती चालंना म्हनून राह्यली. गाभन मेंढी गेवराईपत्तुर चालवू? वाटंत गाभ टाकंल ती."

"मंग गाडीत घाला की," कोपऱ्यातून उत्तरेश्वर म्हणाला. हा तरुण शेतकरी, जिभेचा तिखट. "म्हशीची धार निघती, तात्याबा. तुमच्या मेंढीची काय निघती? नुसती बें बें."

माणसं हसली.

"तू बसलास ते काय हाय रं ढुंगनाखाली?" तात्याबाने विचारलं. "म्हशीचं हाय का? माज्याच मेंढीचं हाय. उठ, दे माघारी."

आता जास्त जोरात हसली. उत्तरेश्वरने घोंगडं दोन्ही हातांनी घट्ट धरल्यासारखं केलं. क्षणभर वाटलं, गाडी रुळावर येतेय. पण सुंदरराव हसले नव्हते.

"तात्याबा, आज तोड काढायची. ह्ये भिजत घोंगडं मला नको."

"भिजवायला पानी कुठंय, सुंदरराव?"

"तेच म्हनतोय मी! पानी न्हाई म्हनूनच ठराव हाय. ज्यांना पसंत त्यांनी हात वर करा."

हात वर जायला लागले. तात्याबाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. यातल्या कित्येकांच्या पोरांच्या पाळण्यात त्याने जावळाची, म्हणजे पिल्लांच्या पहिल्या लोकरीची, मऊ घोंगडी विणून घातली होती. कोणी त्याच्या नजरेला नजर देईना. सोसायटीचा सेक्रेटरी गहिनीनाथ हात वर न करता पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसला.

तात्याबा काठी टेकवून उठला, पागोटं सारखं केलं आणि घराकडे चालू लागला. घोंगडं त्याने तिथेच ठेवलं.

वर गेलेले हात खाली आले. कोणी कोणाला सांगितलं नाही, पण आले.

"झालं!" सुंदररावांनी मांडीवर थाप मारली. "बसा आता."

उंबरदऱ्याच्या सोसायटीचा तोंडी नियम असा, की एखाद्याचं घोंगडं बैठकीत पडलेलं असेल तोवर ठराव होत नाही. आहे तसं चालू राहतं. घोंगड्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही, ओलांडायचं नाही. सगळ्यांनी त्याच्या दारात जायचं, त्याला काय खुपलं ते ऐकायचं, काहीतरी मधला मार्ग काढायचा आणि त्याला परत आणून त्याच्या घोंगड्यावर बसवायचं. आणि त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी ते घोंगडं उचललं तर विषय संपला. मग त्याच्या नावाने अडून बसायचं कारण उरत नाही.

सुंदररावांना हा नियम तुमच्या-आमच्यापेक्षा चांगला माहीत होता. ते वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्या दावणीच्या दोन म्हशी आटल्या होत्या आणि गावाच्या शिव्या रोज त्यांनाच खाव्या लागत होत्या. त्यांना तात्याबाच्या दारात जायचं नव्हतं, एवढंच.

तेवढ्यात सकाळची शाळा सुटून बायना त्या वाटेने आली. लिंबाखाली आजोबाचं घोंगडं दिसलं, आजोबा दिसला नाही. ती थबकली.

"बायना, इकडं ये बाळ," सुंदररावांनी हाक मारली. आवाज गुळासारखा. "आज्या तुजा गेला बघ घरी, घोंगडं इसरला. उन्हानं करपून जाईल. घेऊन जा. लई शानी पोरगी हाय."

गहिनीनाथने पुन्हा अंगठा मातीत रोवला. उत्तरेश्वर दुसरीकडे बघू लागला. बायनाने घोंगडं झटकलं, घडी घातली, डोक्यावर घेतली आणि निघाली. शहाणी म्हटल्यामुळे तिची पावलं जरा जास्तच झपझप पडत होती.

डोळे उघडा आता, पण गोष्ट सोडू नका.

तात्याबा दारात मेंढीच्या खुरातला काटा काढत बसला होता. चेअरमन येतील, चार माणसं येतील, म्हणून कडूबाईने कोऱ्या चहाचं आधण ठेवलं होतं. दूध नव्हतंच. अंगणात पावलं वाजली तशी ती पदर सारखा करून बाहेर आली, तर समोर नात. डोक्यावर घोंगडं.

"आज्या, तुमी इसरलात," बायना म्हणाली आणि घडी त्याच्या पुढ्यात ठेवली.

तात्याबाने घडीकडे पाहिलं. त्याच्या हातातली मेंढी सुटून पळाली, तरी तो तसाच बसून राहिला.

"कावून आनलंस गं?"

"सुंदरबाबा म्हनले, घेऊन जा. करपंल म्हनले."

तात्याबा उठला. कोपऱ्यातली काठी उचलून त्याने अंगणाच्या पलीकडे भिरकावली. बायनाला काही कळेना. तिला वाटलं, आपल्याला मारणार. पण तो तिच्याकडे बघतही नव्हता. तो घराच्या भिंतीशी बोलत होता.

"लेकराच्या हातानं! सुंदररावानं सोता उचललं आसतं तर गावानं त्याच्या तोंडात शेन घातलं आसतं. म्हनून लेकराच्या हातानं!"

"आवं पन जावा की," कडूबाई म्हणाली. "जाऊन सांगा. लबाडी हाय म्हनावं."

"काय सांगू? घरच्या मानसानं उचललं. झालं. कायद्यानं झालं."

"मंग पुन्हा नेऊन ठिवा."

"उचललेलं घोंगडं त्याच इषयाला पुन्हा ठिवता येत न्हाई. तुला म्हाईत न्हाई का?" तो खाली बसला. "सुंदररावाशी भांडलो आसतो गं. नेमाशी कसं भांडू? नेम माझ्या बापानं केल्याला हाय."

बायना रडत नव्हती. ती चिडली होती. आपण काय केलं तेच तिला कोणी सांगत नव्हतं, आणि एवढं मात्र दिसत होतं की केलं ते आपणच.

"काय झालं ते कुनी सांगंल का मला?" ती ओरडली.

तेव्हा कडूबाईने तिला चुलीपाशी ओढून घेतलं आणि सांगितलं. मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो, कारण कडूबाई मधेमधे सुंदररावांना ज्या शिव्या देत होती, त्या वर्गात सांगता येत नाहीत.

बहात्तरच्या दुष्काळात वाडीत एकच विहीर जिवंत होती. गावाने ठरवलं, मेंढक्यांनी वाडी सोडावी. तात्याबाचा बाप बंकट त्या बैठकीत होता. तो भांडखोर नव्हता. बोलायला उभा राहिला की अडखळायचा, आणि लोक त्याच्या बोलण्याची नक्कल करायचे. त्या दिवशीही केली. बंकट बोलता बोलता थांबला आणि उठून चालता झाला. घोंगडं मात्र त्याने उचललं नाही.

कोणी ओरडलं, "बंकट, घोंगडं राह्यलं की बे!" त्यावर तो वळून म्हणाला, "राह्यलं न्हाई. बसलंय. मी गेलो म्हनून मी न्हाई आसं समजू नका."

हे वाक्य तो एकदाही न अडखळता बोलला, म्हणतात.

लोक हसले. पण बैठक पुढे सरकेना. कोणी काही बोललं की सगळ्यांची नजर त्या घोंगड्याकडे जायची. दुसऱ्या दिवशीही ते तिथेच. वाऱ्याने धूळ येऊन बसली. त्याला हात लावायला कोणी धजेना, कारण थंडीपावसात त्या घोंगड्यांखाली सगळं गाव निजलेलं होतं. शेवटी गावातली वडीलधारी माणसं बंकटच्या पालावर गेली. तिथे त्याला घाईने बोलावं लागलं नाही. अडखळत अडखळत त्याने सांगितलं, की मेंढके विहीर खोल करायला अंगमेहनत देतील, गावाने पाण्याची पाळी द्यावी. विहीर खोल झाली. तिच्याशेजारी हौद बांधला. त्याच कामातून सोसायटी उभी राहिली, आणि पहिल्या बैठकीत सगळ्यांच्या तोंडी नियम झाला, की ज्याचं घोंगडं त्याची बैठक, आणि रिकामं घोंगडं पडलेलं असताना ठराव नाही.

"तवापासून म्हनत्यात," कडूबाई म्हणाली, "फलाना घोंगडं ठिवून उठला. म्हंजी रुसला न्हाई, पळाला न्हाई. तुमी त्याच्याकडं यावं म्हनून वाट बघतोय."

"मंग आज कुनीच आलं न्हाई," बायना म्हणाली.

"कशाला येतील? घोंगडंच आलं."

चुलीवर आधण उकळून आटत होतं. उतरवायचं कोणाच्या ध्यानात नव्हतं. बाहेर वाड्यात मेंढरं ओरडायला लागली. दुपारची त्यांची पाळी रोजच्या सवयीने त्यांना कळत होती. बायनाची स्वतःची एक मेंढी होती, ठिपकी नावाची. पोटाने जड झालेली, आज-उद्या विणार अशी. ती कुंपणाच्या काट्यांना तोंड लावून उभी होती.

"आज्या," बायना म्हणाली, "मी लहान हाय ना?"

"हाईस."

"मंग मी उचललं ते कसं काय धरलं त्यांनी?"

"वय बघत न्हाईत त्यात. मेंढरामागं जानारं घरचं कुनीबी उचलू शकतं."

"मी जाते की मेंढरामागं. सुट्टीला रोज जाते."

"म्हनून तर धरलं ना, माझे आई!" तात्याबाचा आवाज पुन्हा चढला. "तेच तर दुखनं हाय!"

"तसं न्हाई. मी ईचारते ते निराळं हाय." तिला शब्द सापडेनात म्हणून ती पाय आपटत होती. "मी उचलल्यालं चालतं. मंग मी बसल्यालं चालंल का?"

तात्याबाने  कडूबाईकडे पाहिलं.

"कवा कुनी लेकरू बसलं न्हाई," तो हळू म्हणाला.

"पन बसू नये आसा नेम हाय का?"

"तसा... न्हाई. पन सोताचं घोंगडं लागतं. माजं आता त्या बैठकीत चालायचं न्हाई."

बायना घरात गेली. उतरंडीमागे तिचं घोंगडं होतं, पिल्लांच्या पहिल्या लोकरीचं, जावळाचं. तात्याबाने ते तिच्यासाठीच विणलेलं, सुताला दिलेल्या चिंचोक्याच्या खळीचा वास अजून त्याला होता. लहान होतं, बसलं तर मांडी जेमतेम मावेल एवढं. ते काखेत मारून ती निघाली. तात्याबा तिला थांबवायला उठला, तेव्हा कडूबाईने त्याच्या सदऱ्याचा शेव धरला. "जाऊ द्या," ती म्हणाली. "तुमी बसा. तुमचं उचललंय."

लिंबाखाली चहा फिरत होता.

"तात्याबानं घोंगडं उचललं," सुंदरराव सांगत होते. "आता कुनाची हरकत न्हाई. गहिनीनाथ, लिव्हा."

"लिवतो," गहिनीनाथ म्हणाला. पण पेन नुसतंच बोटांत फिरवत राहिला.

बायना गोलात शिरली. जिथे आजोबाचं घोंगडं होतं, तिथे मातीवर अजून त्याच्या आकाराची स्वच्छ जागा दिसत होती. तिथेच तिने आपलं छोटं घोंगडं अंथरलं आणि मांडी घालून बसली.

"बाय, शाळा तिकडं हाय," उत्तरेश्वर म्हणाला. दोघं-तिघं फिसकन हसले.

"ऊठ बाळ," सुंदरराव म्हणाले. गूळ अजून आवाजात होता, पण पातळ झालेला. "ही मोठ्यांची बैठक हाय."

"ज्याचं घोंगडं त्याची बैठक," बायना म्हणाली. "ह्ये माजं हाय."

"आगं, पन तू लेकरू."

"मघाशी मी आज्याचं उचललं, तवा लेकरू नव्हते का मी?"

कोणी हसलं नाही. उत्तरेश्वरने चहाची कपबशी खाली ठेवली, आवाज न होऊ देता. सुंदररावांनी गहिनीनाथकडे पाहिलं, म्हणजे त्याने काहीतरी बोलावं. गहिनीनाथने पेन खिशाला अडकवलं.

"नेमात वय न्हाई," मग तो म्हणाला. "मी आठवून बघितलं. न्हाईच."

"आरं तुमी काय पोराटोरांचा खेळ लावलाय का!" सुंदररावांचा गूळ संपला. "बोल, काय म्हननं हाय तुजं? लवकर बोल."

बायना ठरवून आणलेलं सगळं त्या क्षणी विसरली.  पणजोबासारखी तीही अडखळली. "मेंढराचं... मेंढराचं पानी..." पुढचं येईना. कोणीतरी खाकरलं. तिला स्वतःचाच इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसताना ती म्हणाली, "मला पसंत न्हाई. तुमी आमच्या घरी या. आज्या चहा ठिवून बसलाय."

आणि ती उठली. फ्रॉकची माती झटकली. गोलातून बाहेर पडली.

"ए पोरी!" सुंदररावांनी हाक मारली. "घोंगडं राह्यलं तुजं!"

बायना वळली. लिंबाखालच्या सगळ्या माणसांकडे तिने एकदा पाहिलं, मग त्या इवल्याशा घोंगड्याकडे.

"राह्यलं न्हाई," ती म्हणाली.

मग ती पळत वाड्यावर गेली. ठराव झाला नव्हता, म्हणजे आहे तसं चालू होतं, आणि दुपारची पाळी मेंढरांची होती. तिने दोन्ही हातांनी कुंपणाची काट्याची फांदी बाजूला ओढली, ठिपकीला पुढे घेतलं, आणि सगळी मेंढरं हौदाकडे वळवली.